व्हिसा मिळाला नाही, कारण पोरगं आधीच अमेरिकन होतं

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन, जी पावसाळ्यात हमखास कागद गिळते. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, मध्येच कुणाचं लाईट बिल, असं सगळं चालतं. हे प्रकरण घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं गाळलीत, पोराला आपण पिंट्या म्हणू. आणि आधीच सांगून टाकतो की यात पहिली चूक माझी, कारण तो अर्ज मीच भरला होता.

२०२३ चा जून महिना. बारावीचा निकाल २५ मे ला लागलेला, अमेरिकेतल्या एका कॉलेजात पिंट्याचं अॅडमिशन आधीच झालेलं, फक्त निकालासाठी थांबले होते. आय-२०, म्हणजे कॉलेजनं व्हिसासाठी दिलेला अॅडमिशनचा कागद, घेऊन बाप-लेक दुकानात आले. बापाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माणूस सरळ. "मालक, एफ-१ स्टुडंट व्हिसाचं बघा, ऑगस्टात पोचायचंय त्याला." म्हटलं द्या कागद.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायला घेतला. पासपोर्टवर जन्माचं ठिकाण न्यू जर्सी, यूएसए, मी तेच टाइप केलं. पुढं प्रश्न येतो की या देशाशिवाय दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे का, किंवा पूर्वी होतं का. मी विचारलं, बाप म्हणाला छे हो, आपण इंडियन, मी नो दाबलं. अजून थोडं पुढं गेल्यावर प्रश्न, अमेरिकेत आधी कधी गेला होता का, तिथं तर आम्ही दोघं हसलो की गेला काय, जन्मलाच तिथं. हसलो आणि नेक्स्ट दाबलं. एवढी वर्षं हेच काम करतोय आणि डोक्यात घंटा वाजली नाही, ती वाजायला पाहिजे होती नेमकी त्या हसण्याच्या जागी.

सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, ३५० डॉलर भरले, व्हिसाची फी त्याच महिन्यात १६० ची १८५ डॉलर झालेली ती भरली, आणि जुलैत बाप-लेक रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेले. बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळं बाप बाहेर दोघांचे मोबाईल धरून झाडाखाली उभा. आत काय झालं ते पिंट्यानं नंतर सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, स्क्रीनकडं बघितलं, परत पासपोर्टकडं बघितलं. तुझा जन्म न्यू जर्सीत झाला का? हो. तेव्हा वडील तिथं काय करत होते? आयटीत होते, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. सरकारी नोकरीत, एम्बसीत वगैरे नव्हते ना? नाही. मग मी तुला व्हिसा देऊच शकत नाही, तू अमेरिकन सिटिझन आहेस, पासपोर्ट काढ. एवढंच, चार मिनिटांत बाहेर.

मला फोन आला. "मालक, व्हिसा दिला नाही. म्हणतेत पोरगं त्यांचंच हाय."

आता मागची गोष्ट. बाप २००३ ते २००६ न्यू जर्सीत होता, पिंट्याचा जन्म ९ ऑगस्ट २००५ चा. अमेरिकेच्या जमिनीवर जन्मलेलं मूल तिथलं नागरिक होतं, ही १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासूनची गोष्ट, आईबाप कुठल्या व्हिसावर होते ते बघत नाहीत, परदेशी डिप्लोमॅटची मुलं तेवढी सोडून. म्हणून तर बाईंनी एम्बसीचं विचारलं. (२०२५ च्या जानेवारीत तिकडं यावर नवा आदेश निघाला तेव्हा मला चाळीसएक फोन आले असतील, पण तो पुढं जन्मणाऱ्या मुलांबद्दल होता, पिंट्याचा त्याच्याशी संबंध नाही.) यासाठी अर्ज करावा लागत नाही, शपथ घ्यावी लागत नाही, पासपोर्ट तर अजिबात लागत नाही. घरच्यांचा समज असा की अमेरिकन पासपोर्ट काढलाच नाही म्हणजे तो अमेरिकन नाही. हा समज मी सोलापुरात किमान पाच घरात बघितलाय.

घरच्यांनी तेव्हा काय केलं, तर आजोबा आजारी पडलेले, परत यायचं जवळपास ठरलेलं, म्हणून न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटात जन्माची नोंद केली आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट काढला. आणि हे अगदी कायदेशीर होतं बरं का. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ४ आहे, परदेशात जन्मलेल्या मुलाची एका वर्षाच्या आत कॉन्सुलेटात नोंद केली तर ते वंशानं भारतीय. फक्त ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी आईबापांना लिहून द्यावं लागतं की या मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. त्यांनी लिहून दिलं, ते खरंही होतं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नव्हता. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मात्र होतं, पण फॉर्मवर ते विचारलं नव्हतं.

इथंच सगळ्यांचा घोळ होतो. आपण म्हणतो भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही आणि ते बरोबरच आहे, मोठ्या माणसानं स्वतः होऊन दुसरं घेतलं की कलम ९ प्रमाणं इथलं आपोआप जातं. पण पिंट्यासारख्या जन्मानं दोन्हीकडचा झालेल्या मुलाला कायदा मुदत देतो. त्याच कलम ४ मध्ये १ए म्हणून पोटकलम आहे, वंशानं भारतीय असलेलं अल्पवयीन मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्यानं ते दुसरं सोडायचं, नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व संपलं. म्हणजे पिंट्या अठरा वर्षं खरोखरच दोन देशांचा होता, घरात कुणाला पत्ता नव्हता. आणि आमच्या हिशेबानं मुदत होती ९ फेब्रुवारी २०२४.

सगळ्यात गंमत म्हणजे त्याचा भारतीय पासपोर्ट. २०२१ ला त्याला पंधरा पूर्ण होती तेव्हा आपल्याच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात दहा वर्षांचा करून घेतला, एक्सपायरी २०३१. बाप तीच तारीख मला परत परत बोट ठेवून दाखवायचा, व्हॅलिड हाय की मालक हे. म्हटलं दादा, दुधाच्या पिशवीवर तारीख असते पण दूध नासायचं तेव्हा नासतंच.

मग सल्ले सुरू झाले. पुण्यातल्या कुणा नातेवाइकानं सांगितलं, त्यात काय, दोन्ही ठेवायचे, मुंबईत आपला भारतीय दाखवायचा, तिकडं उतरल्यावर अमेरिकन दाखवायचा. एका एजंटनं तर अजून पुढचं सांगितलं, आधी काठमांडू किंवा दुबईला भारतीय पासपोर्टवर जा, तिथून पुढं अमेरिकन काढ खिशातून. हा जुगाड लोक करतात, मला माहितीय, आणि ब्रिटन-अमेरिका असे दोन पासपोर्टवाले ते उघड करतात कारण त्यांच्या दोन्ही देशांना चालतं. अमेरिकेचा तर नियमच आहे की त्यांच्या नागरिकानं त्यांच्या पासपोर्टवरच आत यायचं आणि बाहेर पडायचं. आपल्याकडं चालत नाही. मुंबईत चेक-इन काउंटरवरच विचारणार अमेरिकेचा व्हिसा कुठाय, मग अमेरिकन पासपोर्ट काढावा लागणार, आणि पुढं इमिग्रेशनला त्या पासपोर्टवर भारतात आल्याचा ना शिक्का ना व्हिसा. समजा निसटला तरी पुढं ओसीआयला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डाला, अर्ज करताना जुना पासपोर्ट सरेंडर केल्याचं सर्टिफिकेट मागतात, तिथं तारखा बोलतात. आणि आता १ सप्टेंबर २०२५ पासून तर इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट आलाय, योग्य पासपोर्ट-व्हिसा नसताना परदेशी माणूस भारतात शिरला तर पाच वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. म्हणजे नासलेल्या भारतीय पासपोर्टवर सुट्टीला घरी यायचं धाडस किती महागात पडू शकतं बघा.

मी बापाला एवढंच म्हटलं, आधी घरात ठरवा की पोरगं कुठलं, मग कागदाचं बघू. कॉलेजला मेल टाकली, त्यांनी अॅडमिशन जानेवारीवर ढकललं, तेवढा श्वास मिळाला.

एका रविवारी घरी बोलावलं मला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि मधे फायलींचा गठ्ठा. भारतीय राहायचं तर पिंट्यानं स्वतः अमेरिकन कॉन्सुलेटात जाऊन नागरिकत्व सोडायचं, आईबापाला त्याच्या वतीनं ते करता येत नाही, त्याची फी तेव्हा २,३५० डॉलर होती, आणि त्यासाठी आधी आपण अमेरिकन आहोत हे सिद्ध करा, मग अपॉइंटमेंट, तीपण फेब्रुवारीच्या आत. सोडल्यावर परत एफ-१ साठी त्याच खिडकीत उभं राहायचं. अमेरिकन व्हायचं तर व्हिसा लागणार नाही, आय-२० लागणार नाही, तिथल्या सरकारी स्टुडंट लोनला अर्ज करता येईल, पण इथं तो परदेशी. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शिवाय अमेरिकेचं टॅक्सचं असं आहे की त्यांचा नागरिक जगात कुठंही कमवो, हिशेब त्यांना द्यायचा, तो सोलापुरात टॉवेल विकत बसला तरी. हे ऐकून बापाचा घास हातातच राहिला.

आजींनी एकच प्रश्न विचारला, "आणि मोहोळच्या शेताचं काय?" प्रश्न बरोबर होता. ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं येते. ते सांगितल्यावर आजी म्हणाल्या, मग जाऊ दे त्याला. वहिनी, म्हणजे पिंट्याची आई, मात्र उठून आत गेल्या. पिंट्या तोवर एक शब्द बोलला नव्हता, मीच म्हटलं की अरे तुझी सही लागणार आहे, तुला काय पाहिजे, तर म्हणाला, "जायचंय, पण परत यायचंय." म्हटलं त्यालाच ओसीआय म्हणतात बे.

१८ पूर्ण होईपर्यंत थांबलो, पोरानं स्वतः सही करावी म्हणून. मग ऑक्टोबरात डीएस-११, म्हणजे अमेरिकन पासपोर्टचा अर्ज, पहिला पासपोर्ट म्हणून स्वतः हजर राहायचं, १३० डॉलर आणि वर ३५. आता इथं खरा त्रास सुरू झाला आणि तो कायद्याचा नव्हता, तो आपल्या मराठी नावांचा होता. न्यू जर्सीच्या जन्मदाखल्यावर फक्त पोराचं नाव आणि आडनाव, कारण हॉस्पिटलच्या फॉर्मवर मिडल नेमची जागा घाईत कोरी सोडलेली. भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये पोराचं नाव आणि पुढं बापाचं नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी. आधारवर आपल्यासारखं सरळ तिन्ही. कॉलेजनं भारतीय पासपोर्टवरून उचललेलं नाव. म्हणजे एकाच पोराचे चार अवतार, आणि कॉन्सुलेट विचारतंय की चौदा महिन्यांचं असताना अमेरिकेतून गेलेलं बाळ आणि समोर मिशी फुटलेला हा मुलगा एकच कशावरून.

वहिनींनी त्या दिवशी कपाटातून जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात न्यू जर्सीच्या हॉस्पिटलचं लसीचं पिवळं पडलेलं कार्ड, बाळाच्या पायाचा शाईचा ठसा, सोशल सिक्युरिटीचं कार्ड जे बापाला आपण काढलं होतं हेही आठवत नव्हतं, आणि दरवर्षीच्या गड्ड्याच्या जत्रेतला एक-एक फोटो. पाळण्यात बसलेला, गॉगल लावून मोटारसायकलच्या कटआउटवर बसलेला, दात पडलेला, उंच झालेला, एकही वर्ष चुकलेलं नाही. त्या फोटोंची ओळीनं वर्ष घालून फाइल केली, सोबत शाळेचे दाखले, शंभरच्या स्टॅम्पवर हे सगळे एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र. माझ्या मते त्या फाइलीत प्रतिज्ञापत्रापेक्षा जत्रेच्या फोटोंनी जास्त काम केलं, खिडकीतल्या माणसानं पानं उलटत विचारलं म्हणे की ही कुठली फेअर आहे. पिंट्यानं सांगितलं, आमच्या सिद्धेश्वरांची.

पासपोर्ट जन्मदाखल्याप्रमाणंच आला, दोनच शब्दांचा. तो कॉलेजला पाठवून नाव बदलून घेतलं, इंटरनॅशनलच्या यादीतून काढून घेतलं, आणि विमानाचं तिकीट मुद्दाम त्यानंतर काढलं. तिकिटावरचं नाव ज्या पासपोर्टवर प्रवास करायचा त्याच्याशी जुळलं पाहिजे, यात अक्षराचीसुद्धा चैन नको.

त्याच आठवड्यात पोस्टमन अजून एक पाकीट घेऊन आला. मतदार ओळखपत्र. अठरा झाल्या झाल्या मित्रांबरोबर सहा नंबरचा फॉर्म भरून आला होता बहाद्दर, आम्हाला सांगितलंच नाही. लगेच सात नंबरचा भरून नाव कमी करायला दिलं. सीईटीसाठी काढलेला वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासचा दाखला पण होता फायलीत, तो काढताना बापानं हेलपाटे मारलेले, कारण जन्माच्या तालुक्याच्या रकान्यात काय लिहायचं ते खिडकीवरच्या माणसाला सुचेना. तो दाखला बाजूला काढून ठेवला, आता त्याचा उपयोग करायचा नाही म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरात पुण्याला जाऊन भारतीय पासपोर्ट सरेंडर केला. भारतातच राहणाऱ्यासाठी पासपोर्ट सेवाच्या साइटवर सरेंडर सर्टिफिकेटचा वेगळा अर्ज आहे, लोकांना वाटतं हे फक्त परदेशातल्या कॉन्सुलेटातच होतं. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळाला आणि सोबत सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सोन्याचा कागद, मी त्याच्या दहा कलर झेरॉक्स काढून दिल्या, मशीननं त्यातली एक गिळलीच.

आता पोरगं स्वतःच्या घरात परदेशी. अमेरिकन पासपोर्ट मुंबईत मिळालेला, त्यावर भारतात आल्याचा शिक्का नाही, व्हिसा नाही, मग बाहेर पडणार कसा? याला एक्झिट परमिट लागतं. ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, साइटवर अर्ज, अमेरिकन पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट, रद्द झालेला पासपोर्ट, जन्मदाखला, तिकीट, आणि राहतो कुठं याचा पुरावा. घर आजोबांच्या नावावर, लाईट बिल पण त्यांच्याच नावावर, ते वारलेले, म्हणून बापाचं पत्र जोडलं की हा परदेशी नागरिक माझ्याकडं राहतो. ते पत्र मीच टाइप केलं. सही करताना बाप दोन मिनिटं नुसता बघत बसला त्या ओळीकडं. पोलिसांकडून चौकशीला हवालदार घरी आले, ते गल्लीतलेच निघाले, पिंट्याला लहानपणापासून ओळखणारे, त्यांना फॉरेनर कुठाय म्हणून दाखवायची वेळ आली तेव्हा पिंट्या गच्चीवर पतंग उडवत होता.

मध्ये एकदा अर्ज परत आला, का तर दोन पासपोर्टवरची नावं जुळत नाहीत. मग तेच प्रतिज्ञापत्र, तोच एक इसम. या फेऱ्यात बारा दिवस गेले आणि पहिलं तिकीट बुडालं, बदलायचे पैसे भरले. म्हणून मी आता कुणालाही सांगतो की परमिट हातात येईपर्यंत तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. बाकी सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणून एक नोंदणी असते, सक्तीच्या सैन्यभरतीची वेळ आलीच तर त्यासाठीची, १८ ते २५ च्या अमेरिकन पुरुषांना तेव्हा स्वतः करावी लागायची, ती ऑनलाइन केली, पाच मिनिटांचं काम, पण वहिनींनी त्याचा अर्थ गुगलवर वाचला आणि माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

परमिट आलं ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. निघायची तारीख १० जानेवारी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या अगदी तोंडावर. नंदीध्वज बघून जाऊ दे म्हणून आजींनी खूप धरलं, पण परमिटवर तारीख असते आणि कॉलेजवर पण. मुंबईत इमिग्रेशनला अर्धा तास लागला, परमिट आणि सरेंडर सर्टिफिकेट दोन्ही बघितलं, आत कुणाला तरी विचारून आले, शिक्का मारला. १७ वर्षांपूर्वी भारतीय म्हणून जो देश सोडला तिथं हा अमेरिकन म्हणून उतरला, तिथं मात्र कुणी काही विचारलं नाही, वेलकम होम म्हणाले म्हणे.

त्याच्या बहिणीचं लग्न होतं मे मध्ये. ओसीआयचा अर्ज तिकडून टाकला होता पण कार्ड आलेलं नव्हतं, म्हणून ई-व्हिसा काढून आला. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला टुरिस्ट म्हणून, हे त्यानं व्हॉट्सअॅपवर स्टेटसला ठेवलेलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. आजींनी निळा अमेरिकन पासपोर्ट मागून घेतला, चष्मा पुसून पानन् पान उलटलं, पहिलं पान, शेवटचं पान, परत पहिलं. "ह्यात बापाचं नाव कुठाय रे?" पिंट्या म्हणाला, नसतं आजी ह्यांच्यात. त्यांनी तो मिटून त्याच्या हातात दिला आणि उठून देवघराच्या कपाटातून तो कोपरा कापलेला जुना काढून आणला, शेवटचं पान उघडून मला वाचायला लावलं, बापाचं नाव, आईचं नाव, खाली सोलापूरचा पत्ता. मग परत कपाटात ठेवला आणि चावी कमरेला खोचली.